शेजाऱ्याला सांगणारी पेशी

धाकट्या भावाला मी शिकवलं. बैलांची दलाली करून, लोकांच्या शिव्या खाऊन त्याला गुलबर्ग्याला कॉलेजात ठेवलं. त्याच शिक्षणाच्या जोरावर त्याने माझं नाक कापलं, तेही चिटगुप्प्याच्या भर बैलबाजारात.

त्या दिवशी माझी स्वतःची जोडी विकायची होती. एका बैलाच्या तोंडातून पहाटेपासून लाळ गळत होती. मी तोंड पुसलं, खुरांतल्या जखमांवर चिखल फासला. मन्नाएखेळ्ळीचा एक शेतकरी जोडीला भुलला. रुमालाखाली आमचे हात गेले. आमच्यात भाव तोंडाने सांगत नाहीत, बोटं दाबून सांगतात. सौदा जुळतच आला होता, तेवढ्यात भाऊ आला आणि त्याने बैलाचा ओठ उचलला.

"अण्णा, ह्याला लाळ-खुरकूत झालाय. कामून लपवायलास?"

"गप ऱ्हा. सौदा चाललाय."

"अंगातल्या एका पेशीत विषाणू शिरला की ती पेशी एक प्रथिन बाहेर सोडती. मग शेजारच्या पेशी दारं लावून घेतात. एवढीशी पेशी शेजाऱ्याला सांगती, अन् तू?"

शेतकरी म्हणाला, "मालक, तुमच्यापरीस तुमच्या बैलाची पेशी इमानदार हाय की!" सगळे खदाखदा हसले.

मीही ऐकून घेणारा नव्हतो. मागे सुट्टीत त्यानेच सांगितलं होतं, की पेशींची ही बोंब आवरती घेणारी प्रथिनंही अंगात असतात. ती नसली तर अंग स्वतःलाच जाळून घेतं. मी ओरडलो, "मंग मी त्या बोंब आवरणाऱ्यांतला! भर बाजारात बोंब उठली तर कुणाचं जनावर इकंल?"

"बोंब आवरायची ती रोग हटल्यावर, अण्णा. तुझ्या बैलाला तर आत्ता कुठं झालाय."

त्याचं बोलणं खरं होतं. म्हणूनच राग अजून जात नाही.

शेतकऱ्याने हात काढून घेतला. आसपासच्यांनी आपापली जनावरं सोडून लांब नेली. माझा बैल काही दिवसांनी पुन्हा चरायला लागला, पण दोन वर्षं माझ्याशी सौद्याला कुणी बसलं नाही. त्या शेतकऱ्याची जनावरं वाचली. त्याने भावाला गुळाची ढेप पाठवली, भावाने तिच्यातला अर्धा गूळ माझ्या घरी धाडला.

बायको म्हणाली, "घ्या की, गुळावर कसला राग?"

मी तो तसाच परत पाठवला.