अश्विनीचा रिकामा डबा

अश्विनी बाहेर पडताना माझा डबा रिकामा न्यायची आणि येताना भरून आणायची. वर सांगायची, "काकू, हे फील्डवर्क आहे."

माणिकपूरच्या आमच्या फ्लॅटमधली एक खोली मी तिला भाड्याने दिली होती. मूळची साताऱ्याची, पस्तिशीची, वसईतल्या लग्नगीतांवर पीएचडी करत होती. त्यामुळे तालुक्यातलं कुठलंही लग्न तिला आमंत्रणाशिवाय खुलं. आहेर नाही, रुसवेफुगवे नाहीत. म्हाताऱ्यांच्या घोळक्यात बसायचं, गाणी रेकॉर्ड करायची आणि जेवून यायचं. दुपारच्या झोपेला ती 'चिंतन' म्हणे. आत्याने फोनवर तिच्या लग्नाचा विषय काढला की म्हणायची, "आत्या, प्रबंध चालू आहे." आत्या फोन ठेवून द्यायची. हे वाक्य मला माझ्या वेळी कुणी शिकवलं असतं तर!

प्रबंध अडला होता एका गाण्यावर. अर्नाळ्याची मार्टामावशी, सुक्या मासळीच्या धंद्यातली, तिला बाकी सगळी गाणी सांगायची, पाठवणीचं मात्र नाही. "ते पोर दारातनं निघते तवाच गायचं. उगाच गायलं तर घरचं मानूस जाते." मावशीच्या पोरी केव्हाच नांदायला गेलेल्या. अश्विनीलाही घाई नव्हती. दर रविवारी जायची, "मावशी, आज?" विचारायची, "आज नाय" ऐकायची आणि बोंबलाचं कालवण जेवून डबा भरून आणायची.

मग तिच्या मार्गदर्शक बाईंचा निरोप आला: मी मेअखेर निवृत्त होतेय, त्याआधी प्रबंध दिला नाहीस तर तुझं तू बघ. साताऱ्याच्या कॉलेजातली नोकरीही पदवीसाठी खोळंबलेली.

"काकू, ते प्रकरण गाळूनच टाकते," अश्विनी म्हणाली.

"आणि एवढे बोंबील खाल्लेस ते?"

मी तिला साताऱ्याला जायचं सामान बांधायला लावलं आणि रिक्षा स्टेशनच्या आधी अर्नाळ्याला नेली.

"मावशी, पोर निघाली. आता गा," मी म्हटलं.

मावशीने रिक्षात डोकावून बॅगा दाबून पाहिल्या. "आनि पुढल्या रविवारी हाय परत दारात!"

"नाही येणार."

"तू नको सांगू, बाय. तिला सांगू दे."

अश्विनीने हातातला रिकामा डबा मावशीच्या ओट्यावर ठेवला. शेवटी म्हणाली, "लिहायला बसायचंय, मावशी. आता नाही जमायचं यायला."

"मंग उतर पायरी. मागं नाय बघायचं."

मावशी गायला लागली. अश्विनी अंगात कुर्ता असताना पदर सावरत पायरी उतरली, रिक्षात बसली. मागे पाहिलं नाही. तिचा फोन पर्समध्ये बंद. माझा चालू होता, म्हणून प्रबंध पूर्ण झाला. रेकॉर्डिंगमध्ये मध्येच रिक्षावाला म्हणतो, "मॅडम, वेटिंग लगेगा." त्यावर तळटीप आहे म्हणे.

डॉक्टर अश्विनी आता साताऱ्यात बोंबील विकत घेते.

मागे न बघण्याच्या नादात डबा मावशीकडेच राहिला. तो आणायला मी गेले, तर मावशीने तो भरून दिला, वर आपलं एक पातेलंही भरून दिलं. दुसऱ्याचं पातेलं रिकामं कसं परत करायचं? मी पुरणपोळ्या घालून नेलं. तिने कोलंबी घालून पुन्हा माझ्याच हातात दिलं.

नवरा विचारतो, "दर रविवारी अर्नाळ्याला काय असतं तुझं?"

मी सांगते, "फील्डवर्क."