दिनाराचा भाव आणि माझा दात

टेमघरला आमच्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, शेडमध्ये माझा पुढचा दात पडला. वयाने पडला असता तर एवढं सांगत बसलो नसतो. अर्धा काकांच्या मुठीने गेला, उरलेला वडिलांच्या कोपराने. त्या दिवशी दोन भावांत नीट वाटणी झाली ती तेवढीच.

भांडण दिनाराचं होतं. काका तरुणपणी कुवेतला क्रेन चालवायचे. तिथून ते दिनार पाठवायचे, वडील ते वटवून लूम घ्यायचे. जागा, शेड, सगळं वडिलांच्या नावावर. भावाभावात कागद करायचा म्हणजे आमच्याकडे शिवी दिल्यासारखं. त्याऐवजी वडिलांनी गावदेवीपुढे नारळावर हात ठेवून शब्द दिला होता, की तुझा दिनार तुला दिनारानेच परत करीन. रुपया पुढे किती घसरणार हे देवीला ठाऊक असेल, वडिलांना नव्हतं.

आता लूम भंगारात निघाले आणि जागा एका गोदामवाल्याने मागितली. वडील म्हणायला लागले, ज्या साली जेवढे रुपये हाती आले तेवढे देतो. काका म्हणाले, दिनार दे, नाहीतर आजच्या भावाने रुपये दे. पहिल्या हिशेबात काकांना खारबावला पत्र्याची खोलीसुद्धा मिळाली नसती. दुसऱ्यात वडिलांच्या वाट्याला गोदामवाल्याचा चहा उरला असता. काका भाड्याने राहत होते आणि मालकाने खोली सोडायला सांगितली होती. म्हातारपणी डोक्यावर स्वतःचं छप्पर हवं, एवढंच त्यांचं मागणं.

मी बी.कॉम., म्हणून जुने भाव काढायचं काम माझ्याकडे आलं. मोबाईलवर सालवार भाव दिसतो, हेही मीच मोठ्या हुशारीने सांगून बसलो होतो. बाजूला भंगारवाल्याची माणसं घणाने लूम फोडत होती, बिडाचे तुकडे भिंतीवर आपटत होते. त्या दणक्यांत मी एकेक साल ओरडून वाचत होतो. अलीकडून मागे जात होतो, त्यामुळे दिनार उतरत चालला होता आणि काकांचा आवाज चढत. वडिलांनी काका परदेशातून परत आले त्या दिवसाचाच उद्धार केला. एवढा भाव होता तर तिथंच मरायचं होतंस, म्हणाले.

काकांनी पायाशी पडलेला धोटा उचलून फेकला. मागात सूत इकडून तिकडे नेणाऱ्या या लाकडी धोट्याच्या दोन्ही टोकांना लोखंडी अणी असते. चालत्या लूममधून धोटा निसटला तर माणसाचा डोळा जातो. हा वडिलांच्या भुवईवर बसला. कातडी उघडली, डोळा रक्ताने भरला. पंचाहत्तरीच्या वडिलांनी लोखंडी स्टूल उचलून काकांच्या खांद्यात घातलं. हाडाचा आवाज मला घणाच्या आवाजातही ऐकू आला. तिकडे काकांचा मुलगा आणि माझा धाकटा भाऊ एकमेकांची नरडी धरून सुताच्या गोणींवर कोसळले होते.

अशा वेळी गप्प बसावं एवढी अक्कल बी.कॉम.ला शिकवत नाहीत. मी दोघांच्या मध्ये उभा राहिलो आणि म्हणालो, आपण सगळ्या सालांची सरासरी काढू. दोघे भाऊ एकाच वेळी माझ्याकडे वळले. दात तेव्हाचा.

मी खाली बसून रक्त थुंकतोय तोवर काकांच्या धड हातात गोणी कापायचा कोयता आला. त्यांनी तो वडिलांच्या मानेला लावला. घण थांबले. गोणींवरचे दोघेही जिथल्या तिथे थिजले.

"वाच," काका मला म्हणाले. "त्याच्या मागचं साल वाच."

ते साल युद्धाचं होतं. इराकची फौज कुवेतमध्ये घुसली, ते. मी मोबाईलची काच सदऱ्याला पुसली, पुन्हा पाहिलं.

"काका, हितं भाव न्हाय."

"न्हाय म्हंजे?"

"भावाची रेघच तुटलीय. तेव्हा दिनार कोण घेतच नव्हतं."

त्या साली काका अंगावरच्या कपड्यांनिशी परत आले होते, बनियनच्या आत दिनार शिवून. मुंबईत कुठल्याच दुकानात ते कोणी घेईना. मी शाळेत होतो. काका त्या नोटा चुलीत घालायला निघाले, तेव्हा वडिलांनी गड्डी हिसकावून घेतली, चांगले चालते लूम विकले आणि युद्धाआधीच्या भावाने रुपये काकांच्या हातावर ठेवले. पुढे तिकडे नोटाच बदलल्या. गड्डी रद्दी झाली.

"भाव व्हता," वडील म्हणाले. मान हलवता येत नव्हती, तशीच ताठ ठेवून. "मी लावला व्हता. गड्डी पेटीत हाय अजून."

कोयत्याच्या धारेखाली वडिलांच्या मानेवर एक बारीक लाल रेघ उमटली होती.

"मग आजचा पण तूच लाव, दादा," काका म्हणाले.

कोयता खाली आला. वडिलांनी आधी त्यांच्या कानफटात एक अशी ठेवून दिली की काका भिंतीला जाऊन टेकले. मग म्हणाले, "अर्धी जागा तुझी. घर बांध, नायतर कोंबड्या पाळ."

दोघांना एकाच रिक्षात घालून टाके घालायला नेलं. डॉक्टरांना दोघांनीही पाय घसरला असं सांगितलं.

काकांचं घर आता प्लिंथपर्यंत आलंय. माझ्या दाताचा खर्च मात्र अजून मिळालेला नाही. वडील म्हणतात, दात पडला त्या दिवशीच्या भावाने देऊ. काका म्हणतात, बसवशील त्या दिवशीच्या. मी सरासरी सुचवणार नाही.