सुरुंगवाल्याची कबुली

बहात्तरच्या दुष्काळात वालूरच्या शिवारात गावाला पाणी पाजण्यासाठी विहीर खोदायला घेतली, तेव्हा पंचफुला पहिल्यांदाच असल्या कामावर आली होती. वर आलेल्या दगडमातीच्या पाट्या काठावरून उचलून लांब टाकायच्या, हे तिचं काम. चाळीस फुटांवर काळा पाषाण लागला. पहारी बोथट झाल्या तसं मुकादम व्यंकटरावांनी सुरुंग लावायला सूर्यभानला बोलावून आणलं.

पन्नाशीचा, काटक माणूस. वीस वर्षांत त्यानं पूर्णेच्या दोन्ही काठांना किती विहिरी फोडल्या, त्याचा त्यालाही पत्ता नव्हता. आल्या आल्या त्यानं सगळ्यांना बाभळीखाली बसवलं.

"मला उजव्या कानानं काहीच ऐकू येत न्हाई," तो म्हणाला. "डाव्याचाबी भरवसा न्हाई. विहिरीत आवाज घुमला की मला एकाचे दोन वाटतात. चार वर्षांमागं चुडाव्याकडं मी पाच बार मोजले अन् माह्या जोडीदाराला, बन्सीधरला, खाली सोडलं. उडाले होते चारच. बन्सीधर ऱ्हायला न्हाई. म्हणून तुमीबी मोजायचं."

व्यंकटराव जाम वैतागले. असलं अभद्र बोलून माणसं पळवून लावतोस का, म्हणाले. आणि झालंही तसंच, दोन गडी दुसऱ्या दिवशी फिरकले नाहीत. पंचफुला मात्र त्या माणसाकडं बघतच राहिली होती. तिला डाव्या डोळ्यानं धुरकट दिसायचं. लग्नाला बारा वर्षं झाली, सासरी तिनं ते कुणाला कळू दिलं नव्हतं. आणि हा बाप्या वीस जणांत बसून, ज्यात मान खाली जावी ते, ताठ मानेनं सांगत होता.

आठवडाभरानं एकदा भर दुपारी त्यानं सहा भोकांत दारू ठासली, वाती पेटवल्या आणि वर आला. सगळे लांब जाऊन बसले. एकेका आवाजाला पंचफुला एकेक खडा ओटीत टाकत होती. धुरळा खाली बसल्यावर सूर्यभान म्हणाला, सहा. गड्यांनीही सहाच सांगितले. खाली उतरणाऱ्या गड्यांतला नागनाथ पहार घेऊन उठला, दोराला हात घातला.

पंचफुलेनं खडे पुन्हा मोजले. आणखी एकदा मोजले.

"मामा," ती शेवटी म्हणाली, "माह्याकडं पाचच हायेत."

गडी हसले. व्यंकटराव म्हणाले की दिवस वाया चालला, उतरा खाली. सूर्यभाननं नागनाथच्या हातातून दोर काढून घेतला आणि सगळ्यांना तासभर जागेवरून हलू दिलं नाही. मग एकटाच उतरला.

वर आला तेव्हा त्याचं तोंड राखेसारखं झालं होतं.

"सहावा तसाच हाय, फुटल्या दगडांच्या डबराखाली," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. "मी सहा मोजले होते. चुकलो."

नागनाथची पहार पहिल्यांदा पडायची ती त्याच डबरावर. नागनाथनं पहार बाजूला ठेवली. पंचफुलेच्या अंगावर सर्रकन काटा आला, पण तो सुरुंगाच्या भीतीचा नव्हता. हा माणूस पुन्हा चुकला होता, आणि कुणी विचारायच्या आत पुन्हा सांगून मोकळा झाला होता.

दुसऱ्या दिवशी रेशनवरच्या मिलो ज्वारीची लाल भाकर खाताना तिनं भीत भीत विचारलं, की तुमी आपलं सगळंच असं सांगता का.

"न्हाई गं बाई. बायको मला सोडून का गेली, ते माहं माह्यापाशी. जी खोट दुसऱ्याच्या जिवावर यायची, तेवढी सांगायची."

पंचफुलेचा घास हातातच राहिला. तिच्या धुरकट डोळ्याच्या बाजूलाच तर विहिरीचं तोंड होतं. तिथून एक दगड निसटला तर खाली माणसं होती. तिनं ते हळू आवाजात त्याला सांगितलं, आणि मुकादमाला सांगावं लागेल का, असंही विचारलं.

"व्यंकटरावांना कशाला? जे खाली उतरतात त्यांना सांग."

तिनं सांगितलं. नागनाथनं तिला पलीकडच्या बाजूला उभं केलं. तिथं विहीर तिच्या चांगल्या डोळ्यासमोर आली.

चैत्रात साठ फुटांवर पाणी लागलं. सूर्यभान पुढच्या गावाला निघून गेला.

तीन वर्षांनी नाल्याला बांध घालायच्या, नाला-बंडिंगच्या कामावर तो पुन्हा दिसला. खडक फोडायचा होता, आणि व्यंकटरावांनी त्याच्यासाठीच निरोप धाडला होता. सूर्यभाननं सांगितलं की आता डावा कानही गेला, वातीला हात लावणार नाही. ते कुणाच्याही ध्यानात आलं नव्हतं. गप्प बसला असता तर आणखी दोन वर्षं सहज निभलं असतं. त्यानं पाटी उचलली आणि पाट्या वाहणाऱ्यांच्या रांगेत, बायांच्या मागं जाऊन उभा राहिला.

पाटी भरायला पंचफुला होती. त्याच्या डोक्यावर पाटी चढवताना तिला त्याच्यापुढं आपण फार ठेंगणी असल्यासारखं वाटलं. तो मात्र, अजून दोन खोरी टाक, अशी खूण करत उभा होता.