मागच्या सीटजवळचा वास

आमच्या ह्यांना गाडीचा आवाज ऐकून दुखणं कळायचं, हात लावून कळायचं, पण वासावरून कळत नव्हतं. त्यांचं नाक गेलं होतं. त्यांना हे माहीत होतं आणि मलाही. दोघांनी एकमेकांना सांगितलं नव्हतं.

प्रताप नगरकडे तेव्हा घरं विरळ होती. आमच्या घरापुढेच टिनाचं शेड होतं आणि त्यात हे मोटारी दुरुस्त करत. शेड आणि घर यांच्यामध्ये गोणपाटाचा पडदा होता. गिऱ्हाईक आलं की मी पडद्याच्या आत. चहासुद्धा आतूनच हात बाहेर काढून द्यायची.

एकदा माझं वरण तळाला लागलं. घरभर करपट वास. मी खाली मान घालून वाढलं, तर हे म्हणाले, "मस्त झालं वं." मला वाटलं, माझं मन राखतात. दिवसभर मी त्या शब्दावर खूश होते. पुढे एकदा रॉकेलचा डबा कलंडून चटई भिजली आणि हे त्याच चटईवर बसून बिडी पेटवायला निघाले. "आधी जेवून घ्या," म्हणत मी काडीपेटी उचलली आणि चटई धुवायला नेली. तेव्हा मला ते वरणही कळलं. वर्षानुवर्षं टाकीतलं पेट्रोल नळी तोंडात धरून ओढायचे, त्यानंच नाक गेलं असावं.

त्याच उन्हाळ्यात धंतोलीच्या एका डॉक्टरांची जुनी विलायती गाडी आली. त्यांच्या दोन मुली मागे बसल्या की उलट्या करायच्या. डॉक्टरीणबाईंचं म्हणणं, पेट्रोलचा वास येतो. ह्यांनी इंजिनातल्या सगळ्या रबरी नळ्या काढल्या. वरून त्या चांगल्या काळ्या दिसत होत्या, पण वाकवल्या की वाळल्या शेंगेसारख्या तडकत. सीताबर्डीहून नवी नळी आणून, कापून, ह्यांनी नीट बसवली.

दोन दिवसांनी बाई परत आल्या. "मिस्त्री, वास तसाच आहे."

"नाही बाई, थेंब सांडत नाही कुठं. पाहून घ्या."

"मग मुली काय नाटकं करतात? रविवारी त्यांना घेऊन अमरावतीला लग्नाला जायचं आहे. तुमच्यानं होत नसेल तर तसं सांगा, दुसरीकडे दाखवते."

गाडी ठेवून त्या गेल्या. मला तर पडद्याआडूनही वास येत होता. हे गाडीखाली शिरले, एकेक जोड बोटानं चाचपला. ते बोट त्यांनी सवयीनं नाकाशी नेलं, थांबले, आणि पँटीला पुसलं. मला ते पाहवलं नाही.

दुपारी त्यांचा डोळा लागल्यावर मी डोक्यावर पदर घेऊन शेडमध्ये गेले. मागचं दार उघडून सीटशी नाक नेलं. मग डिक्की उघडली. आत एका पुठ्ठ्याच्या आड, पेट्रोल भरायच्या तोंडापासून टाकीपर्यंत एक जाड नळी गेली होती. तिथं वास घशाला लागला. जुन्या लुगड्याची चिंधी फाडून मी त्या नळीला बांधली आणि घरात आले.

उठल्यावर हे बाहेर गेले. थोडा वेळ अवजारांचा आवाज आला, मग बंद झाला. पडदा हलला.

"ही चिंधी कोनं बांधली?"

घरात आम्ही दोघंच. "मांजरीनं," मी म्हणाले.

ते हसले नाहीत. खाटेवर बसले. "कधीपासून मालूम हाय तुले?"

"रॉकेल सांडलं तवापासून."

"मंग बोलली काहून नाही?"

"तुमी बोलले काय?"

ते आपल्या हातांकडे पाहू लागले. मग हळूच म्हणाले, "मिस्त्रीले वास येत नाही म्हनून मालूम झालं, तं कोन गाडी देईन मले?"

"मायं नाक हाय ना," मी म्हणाले. एवढंच सुचलं.

तशी नवी जाड नळी मोठ्या मुश्किलीनं मिळाली. ती चढेना, म्हणून मी गरम पाणी दिलं. त्यात टोक बुडवून त्यांनी ती चढवली, क्लिपा आवळल्या. मी वास घेऊन पाहिला. नव्हता. शनिवारी हे टाकी भरून आले तोच बाई मुलींना घेऊन पोचल्या.

"आता वास आला तं मले मिस्त्री म्हनू नका, बाई," हे म्हणाले.

आणि पडद्याआड मला वास आला. बारीक, पण आला. मुली मागचं दार उघडत होत्या. मी बाहेर गेले तर ह्यांचा शब्द खोटा पडणार. गेले नाही तर त्या लेकरांना चार तास त्या वासात बसावं लागणार. मी पडदा सारला.

"पोरींना बसवू नका." कोणाला ऐकूच गेलं नाही. पुन्हा म्हणाले, "वास येऊन राहिला अजून."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग ह्यांच्याकडे. "तुम्हाला येत नाही का, मिस्त्री?"

मी जमिनीकडे पाहत होते. मग त्यांचा आवाज आला, नेहमीसारखाच.

"नाही येत, बाई. मायं नाक गेलं हाय. नळ्या मी बसवतो, वास ही घेते. हिचं ऐका."

बाईंनी मुलींना दारापासून मागे घेतलं. मग मला म्हणाल्या, "मग तुम्हीच सांगा कुठून येतो."

मी डिक्कीत वाकून वास घेतला. जाड नळीच्या बाजूनं एक बारीक नळी वर गेली होती. टाकी भरल्यावर तीच वास सोडत होती. ह्यांनी इंजिनाच्या नळीच्या उरलेल्या तुकड्यातून तेवढी कापून तिथल्या तिथे बदलली.

"आधी ह्यांना फिरवून आणा," बाई माझ्याकडे बघत त्यांना म्हणाल्या. "ह्या उलटी न करता आल्या तर मुली बसतील."

मी पहिल्यांदाच मोटारीत बसले, मागे, काचा बंद करून. खामल्यापर्यंत हे विचारत होते.

"येते काय?"

"नाही."

"आता?"

"नाही जी."

परतताना त्यांनी मला काच खाली करायला सांगितली. "मंग कशाचा येते?"

मला वाटलं थट्टा करतात. पण आरशात त्यांचे डोळे तसे नव्हते.

"कडुनिंबाचा," मी म्हणाले. "मोहोर आला ना."

"आनखी?"

"कोनाकडं तरी भाकर भाजून राहिले. अन् आता ओल्या मातीचा, मळ्याले पानी दिलं वाटते."

त्यांनी गाडी हळू केली. "आनखी सांग."

"बाई वाट पाहत असतीन तिकडं."

"पाहू दे," ते म्हणाले.