चाय मागितली, टोफू आला

जर्मनीतल्या एर्लांगेन शहरात जाणाऱ्या आणि तिथून बाहेर जाणाऱ्या बसचा नंबर एकच असतो, हे आम्हाला कळलं तेव्हा बस रिकामी झाली होती. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं, मागे वळून आम्हा दोघांकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, "एंडश्टात्सिओन." (शेवटचा थांबा.)

आम्ही ज्याच्याकडे राहायला आलो होतो, तो आमचा मुलगा प्रबोध मीटिंगसाठी दोन दिवस बर्लिनला गेला होता. "एकटे बाहेर जाऊ नका, बाबा," असं बजावून गेला होता. पण नागपूरहून निघण्याआधी मी तीन महिने मोबाइलवर जर्मन शिकलो होतो. शिवाय शालिनीला, म्हणजे माझ्या बायकोला, घराबाहेर काढणं भागच होतं. तीन आठवडे ती खिडकीशी बसून होती. "इथं मी बोलू कोणाशी?" असं म्हणत आदल्या दिवशी तिने परतीच्या तिकिटाची तारीख अलीकडे आणायला सांगितलं होतं.

रविवार. दुकानं बंद. पुढची बस दीड तासाने. चिटपाखरू नाही. त्यात शालिनीची चहाची वेळ टळली की तिचं डोकं दुखायला लागतं.

"गेनाऊ," मी म्हणालो. (अगदी बरोबर.) हा शब्द मला फार आवडतो.

"काय गेनाऊ? चाय कुठं भेटते ते पाहा."

एका सलूनशेजारी कागदी कंदील टांगलेलं व्हिएतनामी हॉटेल उघडं दिसलं. आत पाच टेबलं, फुलाफुलांचं प्लास्टिक अंथरलेली, आणि काचेच्या टाकीत एकुलता एक मासा. सत्तरीच्या एक आजी कोपऱ्यात तुळशीसारखी पानं निवडत होत्या. आम्हाला पाहून त्या उठल्या. शालिनीची पांढरी साडी आणि वरचा प्रबोधचा जाडजूड स्वेटर त्यांनी नीट न्याहाळला.

चहाला जर्मनमध्ये काय म्हणतात ते मला ऐन वेळी आठवेना. मोबाइलने मला 'घोडा सफरचंद खातो' हे पक्कं शिकवलं होतं, पण इथे त्याचा काय उपयोग?

शेवटी शालिनीनेच दोन बोटं दाखवली. "चाय."

आजींचा चेहरा उजळला. "चाय?"

"गेनाऊ!" मी ठणकावून सांगितलं.

थोड्या वेळाने वाफाळते दोन वाडगे आले. आत तांदळाच्या शेवया, मशरूम, कोथिंबीर आणि टोफूचे चौकोनी तुकडे.

"अहो, ही कोणती चाय?"

"इथली पद्धत असेल."

"आज पौर्णिमा आहे. यात मटण असलं तर?"

मी आजींना खुणेने समजावू लागलो. काल्पनिक कप उचलला, फुंकर घातली, जोरात भुरका मारला. आजींनी कौतुकाने मान डोलावली आणि वाडगा तोंडाला लावून सूप कसं प्यायचं ते मला दाखवलं.

"चाय हो, आजी! चाय!" शालिनीने आवाज चढवला.

आजी लगबगीने आत गेल्या. भाज्यांचे रोल आले. मी म्हणालो गेनाऊ. शालिनी पुन्हा ओरडली. तळलेला टोफू आला. मग वांग्याचं काहीतरी आलं. टेबलावर कोपर टेकायला जागा उरली नाही.

शेवटी स्वयंपाकघरातून आजींची सून बाहेर आली आणि इंग्रजीत मला म्हणाली, "सर, सगळं शाकाहारीच दिलंय. तरी तुमच्या मिसेस 'शाकाहारी, शाकाहारी' म्हणून का ओरडताहेत?"

व्हिएतनामी भाषेत 'चाय' म्हणजे शाकाहारी.

मी हे शालिनीला सांगितलं. ती हसू लागली. इतकी हसली, की आजीही न समजता हसायला लागल्या आणि शेजारी खुर्ची ओढून बसल्या.

सुनेने त्यांना आमचा घोळ समजावून सांगितला. पौर्णिमेला आम्हा बौद्धांत पांढरी साडी नेसतात. शालिनीने तिचाच पदर पुढे केला आणि म्हणाली, "यांना सांगा, आज आमची पौर्णिमा. मटण-मच्छी बंद." मी इंग्रजीत सांगितलं, सुनेने व्हिएतनामीत.

आजी ताडकन उठल्या. भिंतीवरची कॅलेंडरची जाडजूड वही काढून त्यांनी टेबलावर आपटली. तारखेच्या मोठ्या आकड्याखाली चांद्र महिन्याच्या तिथीचा एक बारीक आकडा होता, पंधरा. त्यांनी त्यावर बोट ठेवलं, मग स्वतःच्या छातीवर ठेवलं आणि म्हणाल्या, "चाय."

"अहो, यांचीही पौर्णिमा आजच आहे!" शालिनी ओरडली. जणू चंद्र फक्त नागपूरलाच उगवतो.

मग आम्ही सगळं खाल्लं. वांगं तर असं झालं होतं, की शालिनीने खुणांनी त्याची कृती विचारली आणि आजींनी खुणांनीच सांगितली. दोघींपैकी कोणाला काय कळलं देव जाणे. चहा आला तो बिनदुधाचा, मोगऱ्याच्या वासाचा. एरवी असल्या चहाला ती 'गरम पाणी' म्हणते. त्या दिवशी दोन कप प्यायली. डोकं दुखल्याचं नावही नाही.

निघताना आजींनी कॅलेंडरची पानं भराभर उलटली आणि बारीक 'एक' आकडा असलेल्या पानावर थांबल्या. सूनबाई म्हणाल्या, "त्या दिवशीही आई मांस खात नाहीत. तुम्ही या, असं म्हणताहेत." शालिनीने त्या पानाचा फोटो काढून घेतला.

परतीच्या बसमध्ये मी दिशा तीनदा तपासली. प्रबोधचा फोन आला, तो शालिनीनेच घेतला. आम्ही हरवल्याचं तिने सांगितलंच नाही. वांग्याबद्दल मात्र बरंच सांगितलं. परदेश पाहायचा म्हणजे किल्ले, संग्रहालयं पाहायची, असं मी समजत होतो. तिची माझ्या जर्मनविना एका माणसाशी ओळख झाली आणि तिला तो देश दिसायला लागला.

"आणि ऐक," ती फोनवर म्हणाली, "तिकिटाचं राहू दे. पुढच्या पंधरवड्यात मला एका ठिकाणी जेवायला जायचंय."

"बाबांबरोबर ना?" प्रबोधने विचारलं.

शालिनीने माझ्याकडे एक नजर टाकली. "पाहू," ती म्हणाली.