पायलीभर ज्वारीची पोर

माझी माय पार्बताबाई उभ्या जन्मात एकदाच अकोल्याबाहेर गेली, अन् गेली ती एकदम समुद्रापार. लोक मूर्तिजापूरच्या बाजाराला जाऊन येतात तशी ती दरबानला, म्हणजे तुमच्या आफ्रिकेतल्या डर्बनला, जाऊन आली. फरक एवढाच, की बाजाराला गेलेलं माणूस बाजारात पाय तरी ठेवतं. मायला तिथल्या सायबानं दारातूनच माघारी लावलं. जुन्या शहरातल्या बाया तिला मरेपर्यंत ‘दरबानवाली’ म्हणायच्या. तिच्यासोबत माघारी आली ती मी. माघारी यायचं कारणही मीच, म्हणून हे मलाच लिहिलं पाहिजे. दुसरी इयत्ता शिकलेली आहे. चुकेल तिथं सांभाळून घ्या.

मोर्णेच्या काठाला आमचा मळा. वांगी, मेथी, सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर, अन् कडेनं झेंडू. माय दिवसभर वाफ्यात वाकलेली. लहानपणी मला तिच्या तोंडापेक्षा तिची पाठच जास्त ओळखीची होती. माझ्याआधी तिला चार लेकरं झाली अन् चारही गेली. एकानंही दुसरी दिवाळी पाहिली नाही. चौथं गेलं तसा माझा बाप, गोवर्धन, गाव सोडून गेला. दुःखानं लोक काशीला जातात, हा दरबानला गेला. अकोल्यातल्या एका रुईच्या व्यापाऱ्याच्या भावाचं तिकडं दुकान होतं, त्याला भाजीचा मळा करणारा माणूस पाहिजे होता. मोठ्या लढाईच्या आधीची गोष्ट, तेव्हा तिकडं अजून कोणी फार अडवत नव्हतं. मधे एकदा तो चार महिने घरी येऊन गेला. मी जन्मले तेव्हा तो पुन्हा दरबानला पोचला होता.

पाचवीच्या दिवशी माझ्या आजीनं मला सुपात घातलं अन् गल्लीच्या तोंडाशी उकिरड्यावर नेऊन ठेवलं. शेजारची तानुबाई, सात जित्या लेकरांची आई, जणू सहज फिरत तिथं आली.

“कोणाचं वं हे लेकरू?”

“कोणाचंच नाई. न्यायचं असन तं ने,” आजी म्हणाली.

तानुबाईनं मला उचललं अन् आमच्या घरात येऊन पायलीभर ज्वारी मायच्या पदरात ओतली. झाली मी तिची. मग तिनंच मला मायच्या मांडीवर टाकलं. “माही पोट्टी हाय. दूध पाज जरा, मले कामं हायेत.”

ज्यांच्या घरात लेकरं टिकत नाहीत, ते असंच करत. मरण दारात आलं की त्याला सांगायचं, बाबा, इथं आमचं कोणी नाही, ही परक्याची. नावही असं ठेवायचं की मरणाला उचलावंसं वाटू नये. मला धोंडी म्हणत. खरं नाव मनकर्णा, ते फक्त बापाला धाडलेल्या पत्रात. अन् एक अट होती. आईनं कोणापुढं, थट्टेतसुद्धा, ही माझी म्हणायचं नाही. लग्नाच्या वेळी मला तानुबाईकडून परत विकत घ्यायची, मगच तिचं तोंड मोकळं.

गल्लीला तो खेळच झाला.

“काय वं धोंडे, कोणाची तू?”

“तानुबाईची!”

की हातावर गुळाचा खडा. गुळासाठी मी दिवसातून दहादा तानुबाईची व्हायची.

मी तिसऱ्या वर्षात असताना मानमोडीच्या तापाची साथ आली. तानुबाई तिच्या दोन लेकांसकट तीन दिवसांत गेली. माय तिच्यासाठी रडली, अन् सांगू नये, पण माझ्यासाठीही रडली. घेणारीच गेली, आता मला परत विकणार कोण?

मी सहाची झाले तेव्हा बापाचं पत्र आलं. बायको अन् पोर आणायला सरकार परवानगी देतं, पुढं देईल का नाही भरवसा नाही, लवकर निघा. तहसिलातून दाखला काढला. गोवर्धनची बायको पार्बती, मुलगी मनकर्णा, वय सहा. माझा मामा भगवंतराव मुंबईच्या बंदरापर्यंत पोचवायला आला. तिथं त्यानं बहिणीला बजावलं, “पाय बाई, तिथला सायब नवऱ्याचं नाव विचारते म्हणतात. लाजून बसशीन तं तीच बोट तुले वापस आणीन.”

माय तीन आठवडे बोटीवर नवऱ्याचं नाव घ्यायचा सराव करत होती. भिंतीकडं तोंड, दातात पदर. “गो... गोव...” अन् मग अंगावर पाल पडल्यासारखी शहारायची. मी पोट धरून हसायची.

शेवटच्या आठवड्यात मला ताप चढला. त्याच दिवसांत आमच्याजवळ निजणारी एक बाई तापानं गेली. तिला चादरीत शिवून पाण्यात सोडलं. मी नाही पाहिलं, मायनं पाहिलं. त्यानंतर तिचा हात माझ्या मानेवरून हलला नाही.

बोट लागली तेव्हा ताप उतरणीला लागला होता. डॉक्टरनं जीभ पाहून पुढं सोडलं. पुढं सायबाचं टेबल. सायब तरुण, उन्हानं कान सोललेले. शेजारी दुभाष्या, उत्तरेकडचा, कोट अन् पगडी घातलेला. तो हिंदी बोलला. आपल्याकडं हिंदी काही परकी नाही, त्यामुळं मायला धीर आला.

“पति का नाम?”

मायनं डोळे मिटले अन् एका दमात म्हणाली, “गोवर्धन.” मग माझ्याकडं पाहून हसली, मोठा नाला उडी मारून पार केल्यासारखी. तिचं ते हसणं मला अजून दिसतं.

“और यह लड़की किसकी है?”

हसणं तोंडावर तसंच राहिलं. माझ्या मानेवरचा हात घट्ट झाला. मान गरम होती.

“तानुबाईची.”

“कौन तानुबाई?”

“शेजारीण.”

दुभाष्यानं दाखला उलटसुलट पाहिला. “बाई, इसमें तो तुम्हारी बेटी लिखा है। सोच के बोलो।”

“मीच पोसलं तिले.”

“पैदा किसने किया?”

मग तिला वाटलं, सगळं खरं सांगून टाकावं, समजदार माणूस दिसतो, समजेल. “असं हाय दादा, पायलीभर ज्वारी घेतली अन् विकली तिले. पाचवीच्या दिवशी. मरू नये म्हून.”

दुभाष्याला बाकी काही कळलं नसेल, ‘विकली’ तेवढं कळलं. त्यानं ते सायबाला सांगितलं. सायबानं टाक खाली ठेवला अन् मायकडं असं पाहिलं, की जणू तिनं लेकरं चोरून आणायचा धंदा मांडला आहे.

मग दुभाष्या माझ्यापुढं वाकला. “मनकर्णा!” मी मागं वळून पाहिलं, ही कोण मनकर्णा म्हणून. त्यानं माझी हनुवटी धरली. “बेटी, तेरी माँ कौन?”

या प्रश्नाचं एकच उत्तर मला ठाऊक होतं, अन् ते दिलं की गूळ मिळायचा. मी जोरात म्हणाले, “तानुबाई!” अन् हात पुढं केला.

सायबाचा निकाल असा झाला: बायको उतरू शकते. पोर कोणाची, कुठून आणली, पत्ता नाही. ती याच बोटीनं परत. सकाळी एकदा शेवटचं विचारू. तोवर आम्हाला धक्क्यावरच्या पत्र्याच्या छपरात ठेवलं. पुढं तारेची जाळी. संध्याकाळी जाळीपलीकडं एक माणूस आला. डोक्यावर टोपी सायबासारखी अन् चालणं गल्लीतल्यासारखं. तो माझा बाप. मी त्याला तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, अन् पुन्हा कधी पाहिलं नाही. त्यानं जाळीतून दोन बोटं घालून माझे केस चाचपले. मग मायला म्हणाला,

“पार्बते, एक शब्द म्हण सकाळी. माही हाय म्हण. बस.”

“ताप हाय तिले.”

“डागदर हाय ना इथं!”

“त्या चौघांलेबी वैद होता.”

बापानं टोपी काढून हातात घेतली. “मंग तू तरी उतर. तिले बोटीतल्या बाया नेतीन मुंबईपर्यंत. भगवंतभाऊ येईन घ्याले.”

“अन् तोवर निजंन कोणाजवळ? तानुबाईजवळ?”

“अवं, मी सांगतलं ना सायबाले, माही हाय म्हणून! मले काय झालं?”

“तुमी होते का जी तिच्या पाचवीले? मरणाले तुमचं घर माहीत नाई. माहं माहीत हाय.”

बापानं जाळी धरली ती शिपायानं हटकेपर्यंत सोडली नाही. जाताना माझ्यासाठी एक संत्रं जाळीतून ढकलायला पाहत होता. भोकं लहान, संत्रं मोठं. मग त्यानं सोलून एकेक फोड आत दिली. मी सगळ्या खाल्ल्या. मायला एक विचारलीसुद्धा नाही.

सकाळी सायबानं पुन्हा तोच प्रश्न केला. मायनं माझ्याकडं पाहिलं, मग बोटीखालच्या पाण्याकडं. काही बोलली, पण इतक्या हळू की दुभाष्या म्हणाला, “क्या? ज़ोर से।” तिला मदत म्हणून मीच मोठ्यानं सांगितलं, “तानुबाईची म्हणते ते!”

त्याच बोटीनं आम्ही निघालो. तिसऱ्या दिवशी माझा ताप साफ गेला. मायनं माझं कपाळ पाहिलं, हात जोडले, अन् मुंबई येईपर्यंत समुद्राकडं पाठ करून बसली.

घरी आल्यावर बाया जमल्या. “काय पाह्यलं वं दरबानात?”

“पत्र्याचं छप्पर,” माय म्हणाली. “आपल्या म्हशीच्या गोठ्यासारखं. पण तिथं इचारपूस लय करतात.”

बाया हसल्या. मायही हसली. ‘दरबानवाली’ त्या दिवसापासून.

बापाची पत्रं पाच-सहा वर्षं येत राहिली. पाकिटात भोपळ्याच्या बिया असायच्या. त्या लावल्या की पांढुरक्या पाठीचे चपटे भोपळे यायचे, अकोल्यात कोणी पाहिले नव्हते असे. लोक लांबून घ्यायला यायचे. मग एक पाकीट असं आलं की त्यात नुसत्या बिया, चिठ्ठीच नाही. नंतर तेही नाही. माय त्या शेवटच्या बिया लावेना. मडक्यात ठेवल्या, किड्यांनी खाल्ल्या. कुंकू मात्र तिनं शेवटपर्यंत लावलं. कोणी टोचलं तर म्हणायची, “खबर आली का तुयाकडं? मले तं नाई आली.”

माझं लग्न ठरलं तेव्हा तानुबाईची सून सत्यवती स्वतः आली. “सासूची पोट्टी मीच विकतो तुमाले. पायलीभर ज्वारी द्या, मोकळ्या व्हा.” भटजीही म्हणाले, चालतं. माय हटून बसली. “घेतलं तिनं, विकीन तं तीच.” समुद्रापार नवरा सोडून ज्या बोलाला ती धरून राहिली, तो बोल सुनेच्या पायलीवर तिला सुटेना. कन्यादान मामानं केलं. माय पाहुण्या बायांत मागं उभी. वऱ्हाडातल्या एका म्हातारीनं तिलाच विचारलं, “पोरीची माय कोणती वं?”

“असन इथंच कुठं,” माय म्हणाली.

स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी ती गेली. शेवटचे दिवस मी उशाशी होते. तिच्या बरगड्या मोजता येत होत्या, जीव सगळा डोळ्यांत. मी म्हणाले, “माय, आता तरी म्हण वं एकदा.”

“काय म्हणू?”

“माहीत हाय तुले काय ते.”

तिनं खूप वेळ माझ्याकडं पाहिलं. “तुही लेकरं लहानी हायेत. तुले काही झालं तं?”

“मंग कधी म्हणशीन?”

“मेल्यावर म्हणीन,” ती म्हणाली. “मंग मरण माह्या घरी येऊन गेलं असन. दुसऱ्यांदा कायले येईन?” अन् स्वतःच्या बोलण्यावर तिला हसू आलं, खोकला येईपर्यंत.

माळ्याच्या घरात एक शिकवण असते. भर दुपारी मळ्यात कोणी हाक मारली, तर लगेच ओ द्यायची नाही. नसलेलं माणूस दोनदाच हाक मारतं. असलेलं असेल तर तिसऱ्यांदा मारतं, तेव्हा ओ द्यावी. हे मला मायनंच शिकवलं.

मळा आता माझ्याकडं आहे. सासरी माझं नाव वेगळंच ठेवलं. धोंडी म्हणणारे सगळे गेले. मनकर्णा म्हणणारा एक तो दुभाष्या, तो कुठं असेल देव जाणे. पण उन्हाळ्यात, गडी जेवायला गेले अन् मी एकटी वांग्यात वाकलेली असले, की नदीकडून आवाज येतो. मायचाच. गल्लीत भाजीचा भाव सांगायची तसा, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

“मनकर्णेऽ! माही मनकर्णेऽ!”

दोनदा. मी खुरपं थांबवते, वर पाहत नाही. माझा हात सहा वर्षांच्या पोरीसारखा आपोआप पुढं होतो. मग नुसतं मोटारपंपाचं भुर्र.

तिसऱ्या हाकेची वाट पाहते. आली, की ओ देईन.