आईची बडबड आणि बाबांची व्हॅन

आमच्या व्हॅनचा मागचा दरवाजा उघडायची एक पद्धत आहे. आधी थोडा उचलायचा, मग मागे ढकलायचा, आणि ढकलताना गाडीला नावं ठेवायची नाहीत. ही शेवटची अट बाबांची. लोधिवलीच्या आमच्या आळीत अलीकडे चकचकीत नव्या गाड्या आल्या, त्यातल्या काही भर रस्त्यात रुसूनही बसल्या. पण बाबांनी सेकंडहँड घेतलेली आणि पुन्हा पासिंग करून आणलेली ही म्हातारी कधी अडून बसली नाही. जयंतीच्या मिरवणुकीचे स्पीकर, लग्नातली भांडी, बाळंतिणी, विहाराच्या फरशा, सगळं तिने वाहिलं. खोपोलीच्या कारखान्यातून बाबा रिटायर झाले, तरी सकाळी कोणी ना कोणी दारात येऊन त्यांना विचारायचंच, “आज गाडी रिकामी हाय का?” त्या एका प्रश्नावर बाबांचा दिवस चांगला जायचा.

या गाडीचं इंजिन पुढच्या सीटखाली, म्हणून आईची जागा कायम गरम. तरी ती मे महिन्यातही तिथेच बसायची आणि गाडी सुरू झाली की झोपायची. चौकचा फाटा येईपर्यंत तिची मान कलंडलेली असायची. “हिला फिरवायला नेणं नि तांदळाचं पोतं नेणं सारखंच,” असं बाबा म्हणायचे, आणि वळणावर मात्र गाडी हळू घ्यायचे.

दोनेक वर्षांपूर्वी दोन्ही गोष्टी बदलल्या. बाबा गाडीला नावं ठेवायला लागले आणि आई बोलायला लागली.

सुरुवात घाटापासून झाली. माझा धाकटा भाऊ माथेरानला हॉटेलात कामाला आहे. सुट्टी संपली की बाबा त्याला नेरळचा घाट चढून दस्तुरीपर्यंत सोडायचे. तिथून पुढे गाड्यांना बंदी. एकदा ते म्हणाले, “आता गाडी घाट चढत नाय रं.” भावाने क्लच बदलून घेतला. मग म्हणाले, लाइट कमी पडतात. बल्ब बदलले. मग समोरची काच धुरकट झाली. तीही बदलली. शेवटी चौकचा मेकॅनिक वैतागला. “बाबा, ही गाडी माज्यापेक्षा ठणठणीत हाय. आता काय बदलू?” पण आमच्या घरात गाडीच्या तब्येतीबाबत बाबांचा शब्द शेवटचा. ते आजारी म्हणाले म्हणजे आजारी. आम्ही आपले गाडीवर उपचार करत राहिलो.

आणि आईचं तोंड तर थांबेना. “खड्डा आला बगा. ती बाय कोंबड्या घेऊन मधीच उबी हाय. डाव्या बाजूला टेंपो लावलाय, लोकं पण कुटं बी लावतात!” लोधिवलीहून कर्जतला, माझ्या सासरी येईपर्यंत हे चालू. मागच्या सीटवर आम्ही पोट धरून हसायचो. हिला रेडिओवर पाठवू या, असं भाऊ म्हणायचा. वय झालं की काही बायका बोलक्या होतात, असा शोध मी लावला होता.

मग एकदा मी माहेरी आले होते आणि आई तिच्या बहिणीकडे राहायला गेली होती. निघताना बाबा म्हणाले, “एस्टीनं जा बाय. गाडीचं काय सांगता येत नाय.” माझ्याकडे तांदूळ, वाल, पापड, एवढं सामान. मी म्हटलं, एवढी वर्षं जिने दगा दिला नाही ती आजच देणार आहे का? त्यांना ते लागलं असावं. त्यांनी दारामागच्या खिळ्यावरची चावी काढली.

मी आईच्या गरम जागेवर बसले आणि मोबाइल बघत राहिले. पहिल्याच स्पीडब्रेकरवर वालाची पिशवी उडाली. थोडं पुढे गेल्यावर बाबा म्हणाले, “काय तरी बोल की गं.” आणि मग अगदी सहज, हवापाण्याचं विचारावं तसं त्यांनी विचारलं, “पुडं म्हशी हायत का?”

मी वर बघितलं. अख्खा रस्ता म्हशींनी भरला होता.

“बाबा, थांबा!” मी ओरडले. गाडी शेवटच्या म्हशीच्या शेपटीशी थांबली.

“ब्रेक बग कसं हायत अजून,” ते म्हणाले. “लाइट कमी पडत्यात, म्हून.”

दुपारचं लख्ख ऊन होतं. मला एकदम रडूच आलं. ते स्टिअरिंग धरून समोर बघत राहिले, जिथे त्यांना धड काही दिसत नव्हतं. “डोळ्यांचं बोललो आसतो तर तुमी चावी काडून घेतली आसती,” ते म्हणाले. “मग सकाळी माज्या दारात कोण आलं आसतं?”

आई परतल्यावर मी तिला फैलावर घेतलं. जिवाशी खेळ आहे हा, वगैरे वगैरे. ती भाजी निवडत ऐकत होती. “त्यान्ला दिसत नवतं, मला दिसत हुतं,” ती म्हणाली. “आता तू सांग त्यान्ला. माज्यानं नाय व्हत.”

मी सांगितलं. गाडी भाऊ बघेल, पण चावी तुमच्याच खिळ्यावर राहील. डॉक्टर हो म्हणतील तेव्हा तुम्हीच काढा. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत होता. एकामागून एक ऑपरेशनं झाली. तेवढे दिवस भाऊ येऊन-जाऊन गाडी चालू करून ठेवायचा, आणि बाबा काळा चष्मा लावून ओट्यावरून आवाज ऐकायचे.

डॉक्टर हो म्हणाले त्या सकाळी बाबांनी गाडी धुतली, सगळीकडून निरखली, गंजलेल्या पत्र्यावरून हात फिरवला आणि खिळ्यावरची चावी काढली. मला कर्जतला सोडायला निघालो. मी मागे, आई पुढे तिच्या जागेवर. पहिला खड्डा बाबांनी अलगद चुकवला. दुसराही. आई काही बोललीच नाही. रुसली की काय, म्हणून मी पुढे वाकून बघितलं, तर चौकचा फाटा यायच्या आतच तिची मान कलंडली होती.

“आई—” मी म्हणायला गेले.

“हळू बोल गं,” बाबा म्हणाले आणि त्यांनी गियर बदलून वेग कमी केला. “दोन वर्सांची झोप हाय तिची.”